परबांचं स्वस्तातलं रॉकेट

आमच्या ऑफिसात किस्से कसे साचतात, विचारू नका. माळ्यावर जुन्या पिशव्या साचतात ना, तसे. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात!

परळला, पूर्वीच्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आमची छोटी कन्सल्टन्सी आहे. एका खासगी कंपनीला अंतराळात माणसं पाठवायची होती आणि रॉकेट कुठलं घ्यावं ते आम्ही सांगायचं होतं. शेवटी दोन उरली. महागड्यात सुटकेची यंत्रणा होती, म्हणजे काही बिघडलं तर माणसं बसलेली कुपी रॉकेटपासून तोडून पॅराशूटने खाली आणायची. स्वस्तातल्यात ती नव्हती. खर्च बघणारे परब, भोईवाड्याचे. सुरक्षा बघणाऱ्या रेगेबाई, फणसवाडीच्या. आणि दोघांची बोलणी खायला मी!

*

एकदा मीटिंगला निघालो, टॅक्सी दादरला पोचली आणि रेगेबाईंना वाटलं, घरचा गॅस चालू राहिलाय. झालं, टॅक्सी वळवून थेट फणसवाडी! बाई वर जाऊन शांतपणे खाली आल्या.

मी विचारलं, चालू होता?

"बंद होता. पण आता मला ते माहीत आहे."

मीटिंग बुडाली ती बुडालीच.

*

परबांनी स्कूटरसाठी हेल्मेट घेतलं, तेही फुटपाथवरनं. मी म्हटलं, परबकाका, डोक्याचा प्रश्न आहे.

"अरे, पोलिसाक लांबसून दिसला म्हणजे झाला."

आठवड्यात पट्टा तुटला. आता सुतळीने बांधतात.

*

असे हे दोघं एका टेबलाला! परबांचं पालुपद एकच: ती यंत्रणा बहुतेक वेळा वापरलीच जात नाही, मग पोसायची कशाला? बाईंनी विचारलं, तुमच्या चाळीत आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या आहेत, त्या कधी वापरल्यात? परब म्हणाले, कधीच नाही. बाई म्हणाल्या, मग त्या का टांगून ठेवल्यात?

"टांगल्यात कुठे? मी सेक्रेटरी झाल्यावर त्यांत तुळशी लावल्या."

बाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

कंपनीच्या साहेबांना अर्थातच परब पटले. शिफारशीवर परबांची सही झाली की स्वस्तातलं रॉकेट पक्कं. आदल्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"माणसं बसणार आहेत रे त्यात. कुणाची तरी मुलं."

एरवी मी काहीतरी फालतू बोललो असतो. त्या दिवशी खरंच भीती वाटली.

*

सहीचा दिवस उजाडला. परबांनी खिशातनं पेन काढलं. साहेब भलतेच खुशीत होते. म्हणाले, लोकांचा विश्वास बसायला हवा, म्हणून पहिल्याच उड्डाणात एक सीट परबसाहेबांना, अगदी फुकट! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुकटातलं काही परबांनी सोडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

परबांनी पेनाला टोपण लावलं. खुर्ची हळूच रेगेबाईंकडे सरकवली.

"बाई, ती सुटकेची यंत्रणा... एका रॉकेटला दोन बसवता येतात का हो?"