नाताळाचा सदरा

वाट पाहण्याचा गुण देवाने मला द्यायचा राहून गेला, असं माझी आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. चहाला उकळी येईपर्यंत चुलीपाशी माझा पाय ठरत नसे. पोटापाण्यासाठी शिवणकाम करत आले, पण एक बाही जोडताना माझं मन दुसऱ्या बाहीवर गेलेलं असायचं. अशा बाईला प्रभूने वर्ष उलटून जाईपर्यंत वाट पाहायला बसवलं. तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. आज वाटतं, त्याने अगदी नेमकं माणूस धरलं.

आम्ही मूळचे नगरकडचे. आमचे हे सुतार. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना बांधायला काढला तेव्हा कामाला माणसं हवी होती, म्हणून आम्ही इकडे आलो आणि चिंचवडला एका शेतकऱ्याच्या घरची खोली भाड्याने घेतली. घरधनीण हौसाबाई, वयाने माझ्या आईएवढी. मी तिला आत्या म्हणायची. आसपास ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चर्च नव्हतं, म्हणून रविवारची उपासना आमच्याच खोलीत व्हायची आणि भजनाला ढोलकी यांची असायची. यांचा हात ढोलकीवर पडला की हौसाआत्याही कामं टाकून उंबऱ्याशी येऊन बसे. असं सगळं सुरळीत चाललं असताना यांना खोकला लागला. लाकडाच्या भुशाचा असेल म्हणून आम्ही दोघांनी तो अंगावर काढला. मग एका सकाळी रुमालावर रक्त दिसलं, आणि नदीपलीकडे क्षयाचं इस्पितळ होतं तिथे यांना ठेवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, सुया घ्यायच्या, दूध-अंडी खायची आणि निजून राहायचं. किती दिवस ते विचारायचं नाही. रंधा मारणाऱ्या माणसाला नुसतं निजून राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच की. मी घरी आले, गुडघे टेकले आणि प्रार्थना केली. प्रार्थना कसली, देवाला मुदतच घालून दिली. आधी म्हटलं, ईस्टरपर्यंत यांना घरी आण. ईस्टर गेला. मग म्हटलं, शाळा उघडेपर्यंत. शाळा उघडल्या, पोरं दप्तरं घेऊन दारावरून जाऊ लागली, आणि हे तिथेच. हौसाआत्या माझी प्रार्थना भिंतीपलीकडून ऐकत असे. एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "पोरी, तुजा देव लई सावकाश हाय गं."

मी म्हटलं, "तुमचा मोरया तरी कुठं धावतोय आत्या? मांडी घालून बसलाच आहे की."

"व्हय की," म्हणत ती मनापासून हसली, "बसंनात दोगंबी. तू तवर हे दूध घिऊन जा त्येला." आणि तांब्याभर दूध तिने माझ्यापुढे ठेवलं. असं दूध ती दर रविवारी देत असे.

थट्टा केली तरी मी आतून भ्यालेली होते. प्रभू यांना बरं करील याविषयी मला शंका नव्हती. ती कधीच नव्हती. माझा वाद होता तो त्याच्या वेळेशी. आपल्याला कळतं तेवढं त्याला कळत नाही की काय, असं मला वाटायचं, आणि तसं मी त्याला सांगतही होते.

मग आगमनकाळ आला. नाताळाआधीचे चार रविवार आम्ही प्रभूच्या येण्याची वाट पाहण्यात काढतो, त्याला आगमनकाळ म्हणतात. त्याच सुमारास यांचा ताप उतरला. खोकला कमी झाला, बोलण्यात जोर आला. पहिल्या रविवारी मी भेटायला गेले तर हे म्हणाले, "मला काही झालेलं नाही आता. नाताळाला घरी ने." मी लगेच शब्द दिला; मला तेच हवं होतं. प्रार्थना ऐकली गेली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. डॉक्टर म्हणत होते की छातीचा फोटो अजून साफ नाही, पण तो फोटो काय मला वाचता येत होता? मला यांचा चेहरा वाचता येत होता. मंडळीतल्या सगळ्यांना मी सांगून मोकळी झाले की नाताळाच्या उपासनेला ढोलकी वाजणार. खोलीला चुना दिला, दाराला कागदाची चांदणी लावली. आमच्यात नाताळाला घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर नवं वस्त्र हवंच, म्हणून यांच्यासाठी पांढरा सदरा शिवायला घेतला. माप घेतलं नाही. इतकी वर्षं याच माणसाचे सदरे शिवत आलेली मी, मला माप कशाला हवं?

नाताळ चार-पाच दिवसांवर आला तेव्हा हौसाआत्याच्या थोरल्या मुलाने बैलगाडी जुंपली. गाडीत पेंढा पसरला, वर गोधडी घातली आणि आम्ही निघालो. आत्याने एवढंच विचारलं, "डाक्टर व्हय म्हनला का?"

"म्हणेल की," मी म्हटलं.

हे तयारच बसले होते. मी सदरा काढून यांच्या अंगावर घातला आणि माझा हात थांबला. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. गळ्याशी गुंडी लावली तरी आत दोन बोटं सहज जात होती, आणि तिथून गळ्याची हाडं दिसत होती. हे म्हणाले, "सैल आहे ते बरंय, वारा लागेल." मीही म्हटलं, "घरी गेल्यावर दोन टाके घालते." पण सिस्टर आमच्याकडे पाहत उभी होती, तिच्याकडे मला पाहवेना. ती म्हणाली, डॉक्टरसाहेबांना भेटल्याशिवाय नेता येणार नाही, आणि ते दुसऱ्या वॉर्डात आहेत, बाहेर थांबा. म्हणजे झालं, पुन्हा थांबा.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली बाक होतं. तिथे पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातला एक म्हातारा सिंधी पितळी डबा मांडीवर घेऊन बसला होता. दर रविवारी मी त्याला पाहत होते, पण बोललो कधीच नव्हतो. त्याने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "बेटी, किसको लायी हो?"

"आणलं नाही बाबा, घेऊन चाललेय. मालकांना. ताप गेला त्यांचा."

म्हाताऱ्याने मांडीवरचा डबा सारखा केला आणि म्हणाला, "हमारे बेटे का भी गया था. घर में शादी थी. हम ले गये." त्याने वॉर्डाच्या दिशेने मान हलवली. "अब दूसरी बार लाये हैं."

नेऊ नको, असं तो म्हणाला नाही. उपदेश म्हणून एक अक्षर बोलला नाही. डबा उघडून त्याने अर्धा पापड माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "खाओ. डॉक्टर देर से आता है."

तो पापड मी हातातच धरून बसले. देवदूत आला किंवा आकाशवाणी झाली, असं काहीच झालं नाही. बाकावर एक म्हातारा होता आणि माझ्या डोळ्यांपुढे ती दंडावर उतरलेली शिवण होती. शिवणाऱ्या बाईला पहिला धडा हाच देतात की समोर उभा असेल त्या माणसाचं माप घ्यावं. मी माझ्या मनातल्या धडधाकट नवऱ्याला सदरा शिवला होता, आणि इस्पितळातून घेऊन चालले होते ती त्या सदऱ्यात हरवलेली काया. डॉक्टर लवकर भेटले असते तर भांडून, हट्ट करून मी यांना नेलं असतं. मला भांडता येतं. त्या दिवशी थांबवून ठेवणं हीच प्रभूची कृपा होती, असं मी मानते. डॉक्टर आले तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, "काही नाही साहेब, यांना अंडी जास्त आणून दिली तर चालतील का, एवढंच विचारायचं होतं."

यांना सांगणं मात्र कठीण गेलं. म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं, तरी यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"शब्द दिला होतास तू."

"दिला होता. मोडतेय."

"मंडळीला काय सांगशील?"

"ढोलकी आजारी आहे म्हणून सांगेन." हे हसले नाहीत. मग मला जे सुचलं ते बोलले, "प्रभूने तीस वर्षं सुताराच्या घरात काढली, अख्ख्या जगाचं तारण खोळंबलं होतं तरी. तुमचं असं काय खोळंबलंय?"

यांनी सदरा काढला आणि माझ्या अंगावर टाकला. रिकाम्या गाडीत, त्या गोधडीवर बसून मी चिंचवड येईपर्यंत रडले. दारात हौसाआत्या उभी होती. गाडीत कोणी नाही हे पाहून म्हणाली, "बरं केलंस. चल, दोन घास खाऊन घे."

त्या नाताळाला ढोलकी खुंटीवरच राहिली. आम्ही टाळ्यांवर भजनं म्हटली. मी प्रार्थनेला उभी राहिले आणि सवयीने मुदत तोंडात आली, ती गिळली. म्हटलं, "प्रभू, माणूस तुझा आहे. तुला बरं वाटेल तेव्हा दे." त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली. हे पुढचे दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी आपणहून म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या पोराची खाट माझ्याशेजारी आलीय. चांगला मुलगा आहे." तेव्हा मला कळलं की आता हे राहतील.

दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी स्वतः बोलावून सांगितलं, फोटो साफ आहे, घेऊन जा. म्हातारा फाटकापर्यंत आला. त्याचा मुलगाही सुधारत होता. मी हात जोडले आणि आमच्या पद्धतीने म्हटलं, "सलाम, बाबा." त्याने यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अब ले जाओ."

त्या वर्षी नाताळाला मी पेटीतून तोच सदरा काढला. नवाच होता, कोणी घातला कुठे होता? यांनी अंगात घातला. खांदे बरोबर बसले, पण इस्पितळातलं दूध, अंडी आणि वर हौसाआत्याचा तांब्या, छातीवरची गुंडी काही केल्या लागेना. मी ओढून पाहिलं, यांनी श्वास रोखून पाहिलं. खोलीत मंडळी जमली होती, आत्या उंबऱ्याशी बसली होती.

"एकदा सैल, एकदा घट्ट," हे म्हणाले, "तुला शिवताच येत नाही."

"येत नाही," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते. आम्ही दोघींनी, मी आणि माझ्या घाईने, धरलेलं माप चुकलं होतं, आणि त्या चुकण्यासाठी मी प्रभूचे किती आभार मानू ते मला कळत नव्हतं.

यांनी गुंडीचा नाद सोडला, तशाच उघड्या छातीने खाली बसले आणि ढोलकी मांडीवर घेतली.