सासूबाईंबरोबर सीसॉवर
हाताला लोखंडाचा वास लागला की मला मुलुंडची ती बाग आठवते. लग्नाला दोन महिने झाले होते आणि सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. त्या सकाळी फिरता फिरता त्या अचानक सीसॉवर बसल्या आणि म्हणाल्या, “बस गं समोर.” मी बसले ती थेट वरच गेले. त्या चांगल्या जाडजूड, मी काडी. “आई, खाली घ्या ना,” लोखंडी दांडा घट्ट धरून मी घाबरून म्हणाले. “थांब, मी पुढे सरकते, म्हणजे तू येशील,” म्हणत त्या मधल्या खांबाकडे सरकल्या. फळी सरळ झाली. दोघींचे पाय अधांतरी, आणि समोरासमोर आम्ही पहिल्यांदाच खळखळून हसलो. आता मी शाळेत शिकवते; वर्गात तरफ शिकवताना फळ्यावर सीसॉ काढते, आणि त्यावरच्या जाड बाईला मुलं हसतात, तेव्हा मलाही हसू आवरत नाही.