जॅकचे टाके उसवले

सामान हलवणाऱ्यांत त्याला सगळे जॅक म्हणत. गाडीखाली लावतात तो जॅक. पंचवीस वर्षांत त्यानं कपाटं, फ्रिज, एकदा तर अख्खा पियानो पाचव्या मजल्यावर चढवला होता, आणि भिंतीचा पोपडाही उडू दिला नव्हता. "ताकद काय, बैलालाही असते," तो म्हणायचा. "वळण कळायला पाहिजे!"

एवढा जाणता माणूस, पण स्वतःचा हर्निया मात्र दोन वर्षं पट्टा बांधून रेटत राहिला. शेवटी आतडं अडकलं, धावतपळत ऑपरेशन झालं आणि पोटावर वीतभर उभी चीर पडली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "सहा आठवडे पाण्यानं भरलेल्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. खोकला आला तर पोटाला उशी धरायची."

"आणि हसू आलं तर?"

"उशी धरून हसायचं."

बायको वाचनालयात कामाला होती. तिनं सूचनांचा कागद आरशाला चिकटवला आणि रोज सकाळी त्याला खड्या आवाजात वाचून दाखवू लागली.

टाके काढायला दोनच दिवस उरले असतील. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले आणि त्यांचं तीनदारी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. तिघे हमाल घामाघूम. जॅक दारात खुर्ची टाकून बघत होता. दहा मिनिटं त्यानं कसाबसा जिभेला लगाम घातला. कपाटाचा कोपरा कठड्यावर करकरला, तसा मात्र तो उठलाच.

"मी नुसतं सांगतोय हं," तो आत बघून म्हणाला.

"बसून सांगा!" बायको आतून ओरडली.

सांगता सांगता हात पुढे गेला, हातामागून खांदा गेला, आणि कपाट सुटलं. हमाल "वा!" म्हणाले. त्याच क्षणी जॅकच्या पोटात काहीतरी टचकन तुटलं आणि सदरा ओला झाला. त्यानं हळूच उचलून पाहिलं. गुलाबीसर पाणी वाहत होतं आणि चीर खालून चार बोटं उघडली होती.

"अगं, जरा येतेस का?"

लग्नापासून इतक्या मऊ आवाजात तो कधी बोलला नव्हता. ती हातातलं टाकून धावली. बोलणी नंतरसाठी राखून तिनं त्याला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ टॉवेल भिजवून जखमेवर ठेवला आणि अँब्युलन्सला फोन लावला.

"घोटभर पाणी दे."

"नाही. परत भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. कागदावर लिहिलंय."

स्ट्रेचर खाली नेताना त्याच वळणावर अडकलं. जॅकला राहवेना. "डोक्याकडची बाजू वर! पाय कठड्याकडे! हं, आता फिरवा!"

"गप्प पडा, पोट हलतंय!" बायको म्हणाली.

पण स्ट्रेचर अलगद फिरलं. खाली आल्यावर त्यानं बायकोचा हात घट्ट धरला. "घाबरलोय गं," तो पुटपुटला. "मलाही दिसतंय," ती म्हणाली, पण हात काही सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. "आतली शिवण शाबूत आहे, वरची उसवलीय. थोडक्यात वाचलात."

"मग घाला की दोन टाके."

"नाही. ही जखम आता तळातून भरत वर यायला हवी. रोज ड्रेसिंग."

रोज सकाळी एक ठेंगणी नर्स घरी येऊ लागली. ती जखम धुऊन आत ओली पट्टी भरायची. पहिला आठवडा जॅक छताकडे बघत दात आवळून पडायचा. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मान उचलली. तिसऱ्यात तर स्वतःच विचारू लागला, "आज किती खोल?"

"कालच्यापेक्षा कमी," नर्स म्हणायची, आणि स्वारी दिवसभर खुशीत असायची.

नऊ आठवडे गेले. जखम भरली, व्रण मात्र चांगला रुंद राहिला. वजन उचलणं कायमचं बंद झालं. मालकानं त्याला नवं काम दिलं: आधी घरी जाऊन दारं, जिने मोजायचे आणि सामान कसं काढायचं ते ठरवायचं. पहिल्या दिवशी तीन घरं मोजून आला आणि बायकोला त्या जिन्यांबद्दल तासभर सांगत बसला. तिनं पुस्तक मिटून सगळं ऐकून घेतलं.