कुसुमची बशी

परवा दुपारी मैत्रिणींना चहाला बोलावलं. आलं घातलेला चहा, घरचे शंकरपाळे, गप्पा, सगळं छान जमलं होतं. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या माधुरीबाई म्हणाल्या, "मला घोटभरच हवाय." तशी कुसुमनं आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली.

यात काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. पण गेली तीस वर्षं कप कुसुमचा आणि बशी माझी. या वयात मैत्रिणीवर हक्क तरी कसा सांगायचा? लहानपणी निदान कट्टी घेता यायची. बाई सगळा संसार सुनेच्या हाती सहज सोपवते, आणि दोन घोट चहासाठी तिचा जीव असा जळतो.

बाकीच्या गेल्यावर कुसुमला म्हटलंच, "मिळाली वाटतं नवी मैत्रीण."

ती हसली. "अगं, आज तूच भरलेला कप घेऊन बसली होतीस. मग बशी तुला कशी देऊ?"

खरंच की. पाहुण्यांत बरं दिसावं म्हणून घेतला होता मी तो कप. कुसुमचं काहीच चुकलं नव्हतं. तरी माधुरीबाई फुंकर घालत किती चवीनं पीत होत्या, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.