मागाची फणी

कालिंदी तळवडेकरबाईंनी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा राखीव साठा. तेवढा वेळ बाई स्टाफरूममध्ये बसून तळहाताएवढ्या कागदांवर चित्रं काढायच्या. त्यामुळे निवृत्तीनंतर लालबागच्या संग्रहालयाला नेमकी तेवढ्याच आकाराची चित्रं लागली, तेव्हा बाईंचा हात चांगलाच बसलेला होता.

हे संग्रहालय एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये होतं आणि त्याचं छप्पर गळत होतं. विश्वस्त राजाध्यक्षसाहेबांनी त्यावर दोन परिसंवाद घेतले; छपराला गुण आला नाही. मग तिथं काम करणाऱ्या पूर्वीनं कुठल्याशा कॅन्टीनमधलं वेफर्सचं जुनं व्हेंडिंग मशीन मिळवलं. पैसे भरून बटण दाबलं, की पुठ्ठ्याच्या डबीत बंद असलेलं, हातानं काढलेलं एक अस्सल चित्र खाली पडायचं. कमाई छपराला. नामवंत चित्रकारांनी या कल्पनेचं तोंडभर कौतुक केलं. चित्रं कालिंदीबाईंनी दिली.

विषय शोधत बाई संग्रहालयात फिरल्या आणि एका कपाटापुढे थबकल्या. काचेआड अडीच हात लांब, बारीक दातांची फणी. खाली पाटी: ‘गिरणगावातील स्त्रियांचे केशप्रसाधनाचे साधन.’

बाईंचे वडील, मनू तळवडेकर, गिरणीच्या साचाखात्यात विणकर होते. मागावरच्या अशाच फणीतून सूत ओवता ओवता त्यांची नजर अधू झाली होती. या फणीनं विंचरायचं तर बाईचं डोकं केवढं लागेल, हा हिशेब विद्वानांनी केलेला दिसत नव्हता.

“पाटी बदलायला समितीची मंजुरी लागते, बाई,” पूर्वी म्हणाली. “समिती वर्षातून एकदा बसते.”

“आणि मशीनमध्ये चित्र ठेवायला?”

“त्याला कोण विचारतंय?”

बाईंनी वीस डब्या भरल्या. प्रत्येकीत मागावरची फणी, आणि चित्रामागे दोन ओळी: ‘ही विणकराची फणी. हिच्या दातांतून सूत जातं, केस नव्हे.’

पंधरा दिवसांत लोक डब्या हातात घेऊन त्या कपाटापुढे उभे राहू लागले. माटुंग्याच्या एका कॉलेजातल्या मुलीनं पाटी आणि चित्रामागचा मजकूर दोन्ही मोठ्यानं वाचले, तेही नेमके साहेब पाहुण्यांना संग्रहालय दाखवत असताना.

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. “तुमचा हात फार नाजूक आहे हो. पण फुलं काढा, मोर काढा. लोकांना प्रसन्न वाटलं पाहिजे.”

“मोर इथं नाही ना,” बाई म्हणाल्या. “असता तर त्याच्याखाली काय लिहिलं असतं, कोण जाणे.”

पुढच्या वीस डब्यांतही फणीच निघाली. वर्षातून एकदा बसणारी समिती त्याच आठवड्यात बसली. नवी पाटी लागली: ‘मागाची फणी. विश्वस्तांच्या प्रदीर्घ संशोधनातून सिद्ध.’

बाईंनी ती दोनदा वाचली. वडिलांचं नाव त्यात नव्हतं, तसं ते गिरणीच्याही कुठल्या पाटीवर कधी नव्हतं. पण फणी मागावर परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाई आपल्या चाळीतल्या आनंदीबाईंना घेऊन आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्या बाईनं गिरणीत बॉबिनवर सूत भरण्यात उमर घालवली होती. त्यांनी फणीकडे पाहून मान डोलावली, मग पुढच्या कपाटाशी जाऊन काचेला नाक लावलं.

“गो कालिंदी, ह्यां काय लिवल्यानी?”

बाईंनी पर्समधून पेन्सिल आणि तळहाताएवढा कागद काढला.