चेहऱ्यावर आलेली माता

खोटं मी बोलले नाही. गप्प बसले, एवढंच. पण तोंड लालभडक झालेलं असताना आणि दारात सासू उभी असताना गप्प बसणं हे खोटं बोलण्यापेक्षा किती महागात पडतं, ते मला त्या मे महिन्यात नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये कळलं.

माझ्या गालांवर सोळाव्या वर्षापासून खड्डे आहेत. मुरुम आले, मी ते फोडले, आईनं हातावर फटके दिले तरी फोडले, आणि मुरुम गेले तरी खड्डे राहिले. मी शाळेत चौथीला शिकवते. पोरं समोर बसून दिवसभर आपलं तोंडच बघत असतात. यंदा एका पोरीनं वहीत माझं चित्र काढलं आणि दोन्ही गालांवर मन लावून, एकेक करून ठिपके दिले. चित्र झकास होतं. मी तिला शाबासकी दिली, घरी आले, आणि धरमपेठेतल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"उन्हाळ्यात नका करू, हिवाळ्यात या," त्या म्हणाल्या. हिवाळ्यात सुट्टी काय तुम्ही देणार आहात, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "मला सुट्टी मे महिन्यातच असते." त्या नाइलाजानं तयार झाल्या. आधी बधिर करायचं मलम, मग पेनासारखं एक यंत्र, त्याच्या टोकाला बारीक सुया, आणि ते गालभर फिरवायचं. याला मायक्रोनीडलिंग म्हणतात. कातडीला मुद्दाम टोचायचं, म्हणजे ती स्वतःला भरून काढायला लागते. हे ऐकायला बरं वाटतं. आरशात बघायला अजिबात बरं वाटत नाही.

निघताना त्यांनी एक कागद दिला. पहिल्या दिवशी नुसतं स्वच्छ पाणी, साबण नाही. दिलेलं जेल दिवसातून चारदा, धुतलेल्या हातानं. दुसऱ्या दिवसापासून घरात असलात तरी सनस्क्रीन. ऊन नाही, घाम नाही, गॅसपुढे उभं राहणं नाही. उशीचा अभ्रा रोज धुतलेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापुद्रे सुटतील, खाज येईल, खाजवायचं नाही. आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं दोन रेघा मारून: हळद, बेसन, लिंबू, कडुनिंब, घरातलं काही म्हणजे काही लावायचं नाही.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो इथंच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाची चढउतार बघतो. म्हणाला, "कर नं, कोण नाही म्हणते? फक्त आईले सांगू नको." हे त्यानं सांगायची काही गरज नव्हती.

बारा वर्षांपूर्वी ही मंडळी मला बघायला आली होती. त्याची एक काकू माझ्याकडे बघून शेजारणीच्या कानात म्हणाली, पण म्हणाली अशी की ओसरीवरच्या पुरुषांनाही ऐकू जावं, "पोरीचं तोंड पाहिलं का वं? चाळणी झाली पार." मी चहाचा ट्रे खाली ठेवला. तेव्हा माझी होणारी सासू बोलली. तिला लहानपणी देवी आल्या होत्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट ठेवायला साधी जागा नाही, असे वण आहेत तिच्या तोंडावर. ती म्हणाली, "तोंडाचं काय घेऊन बसली? माह्या तोंडाकडे पाह्य, अन् मंग बोल. मले पोरगी पसंत हाय." काकू गप्प झाली ती झालीच. त्या एका वाक्यावर मी बारा वर्षं त्या घरात ताठ मानेनं वावरले. आता त्याच बाईला कोणत्या तोंडानं सांगू, की तुमच्यासारखे खड्डे मला नको झालेत?

तर सुया टोचून घेतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी नऊ वाजता, ती दारात. गावाकडून, कुहीहून, पहिल्या एसटीनं निघालेली, एका हातात नव्या तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात कैऱ्या. "फोन लावला होता पोट्ट्याले, उचलत नाही," म्हणत तिनं वर बघितलं आणि पिशवी हातातून सुटली.

"वं माय! माता आली तुले!"

माझा चेहरा सुजलेला होता, लाल होता, आणि त्या लालीवर बारीक बारीक ठिपके. तिनं ज्या डोळ्यांनी बघितलं त्यांना दुसरं काय दिसणार? कांजण्यांना आमच्याकडे अजून माताच म्हणतात. देवी अंगात मुक्कामाला येते, तिचा मान राखायचा, मग ती सुखानं जाते. मी सांगायला तोंड उघडलं, शपथेवर सांगते. पण तिनं माझ्यासमोर हात जोडले होते, आणि तिचे डोळे भरून आले होते. "कवापासून?" तिनं विचारलं. "कालपासून," मी म्हटलं. तेवढं खरंच होतं.

मग जे सुरू झालं त्याला मी तुरुंगच म्हणेन. तासाभरात तिनं कडुनिंबाच्या डगाल्या, म्हणजे पाल्याच्या फांद्या, आणल्या, दारावर टांगल्या, माझ्या गादीवर पाला पसरला. घरात फोडणी बंद, तळण बंद, केसांना कंगवा बंद. दहीभात आणि गार आंबील. कूलर बंद, कारण कूलरच्या हवेनं म्हणे माता अंगातच दबून बसते. मे महिना, नागपूर, आणि कूलर बंद! ती उशाशी बसून डगालीनं वारा घालायची, आणि माझ्या मानेवरून घामाच्या धारा. कागदावरचं 'घाम नाही' मला डोळे मिटले तरी दिसायचं.

घरमालकीण बाई जिन्यापर्यंत आली, तिथूनच हात जोडून गेली, आणि गल्लीभर सांगून आली. समोरच्या घरातल्या पोरांना आमच्या दारासमोरून जायला बंदी. मला बाहेर पडायला बंदी. जेल आणि सनस्क्रीन मी न्हाणीघरात कपड्यांच्या साबणाच्या डब्यात लपवलं होतं. दिवसातून सहा-सात वेळा मी आत जायची, दाराला कडी लावायची, हात धुवून तोंडाला जेल थापायची आणि दोन मिनिटं नळाशेजारी उभी राहायची. तेवढीच जागा माझी होती. बाहेरून हाक यायची, "जुलाबही लागले का वं?"

नवऱ्याला मी आतल्या खोलीत गाठलं. "सांग त्यांना." तो म्हणाला, "मी काहून? तोंड तुहं हाय, तूच सांग." हा माणूस बाहेर सामोसे हाणून यायचा आणि घरात दहीभातासमोर असा तोंड पाडून बसायचा, की तिला त्याचीच दया यावी. मला इतका राग आला होता त्याचा, की विचारू नका. पण खरा राग माझाच होता. एक वाक्य बोलायचं होतं. पहिल्या मिनिटाला ते वाक्य हातभर लांब होतं. दुसऱ्या दिवशी ते इथून कुहीपर्यंत लांब झालं.

कारण दरम्यान तिनं नवस बोलला होता. मातामायला पाच दिवस अनवाणी जाऊन पाणी घालीन, सुनेचं तोंड साफ राहू दे. हायवेच्या पलीकडे, गोदामांच्या मागं, एका निंबाखाली मातामायचे शेंदरी दगड आहेत. तिनं ते विचारत विचारत शोधून काढले. अंघोळ, पूजा, माझी आंबील असं सगळं उरकून ती निघायची तोवर ऊन चढलेलं असायचं. पासष्टी ओलांडलेली बाई, हातात तांब्या, पायात काही नाही, आणि दोन्ही बाजूंनी ट्रक. मी खिडकीच्या फटीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची.  परत आली की ती पाय लुगड्याखाली घेऊन बसायची. पाय दाखवायचीच नाही. "सुनेचं तोंड साफ राहू दे." वण राहू नयेत, यासाठी ती उन्हात भाजत होती. आणि मी तिच्यापासून लपवून त्याच कामासाठी जेल लावत होते.

तिच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी माझ्या गालांचे पापुद्रे सुटायला लागले. खाज अशी, की गाल भिंतीला घासावेसे वाटत होते. ती मातामायहून आली, माझ्याकडे निरखून बघितलं आणि खूश झाली. "सुकून राहिली. आता लावाले हरकत नाही." आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या वाटीत हळद आणि वाटलेला निंबाचा पाला होता. हिरवापिवळा, घट्ट, पाट्यावरून नुकता काढलेला.

"नको, आई."

"गुमान बस. खड्डे पडतात मंग." तिनं दोन बोटं वाटीत बुडवली आणि माझ्या गालाजवळ आणली.

"हात लावू नका!" मी किंचाळले. असा आवाज माझ्या गळ्यातून मी शाळेतल्या सगळ्यात वांड पोरावरही कधी काढला नाही. केस तीन दिवस न विंचरलेले, तोंड सोललेलं, डोळे लाल. मी उभी राहिले होते आणि थरथरत होते.

ती दचकली. वाटी खाली ठेवली. तिला वाटलं, माझ्या तोंडून माताच बोलली. गुडघे टेकले, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलं, माय. रागावू नोको. लेकराले सोड, माहं काय घ्यायचं ते घे."

माझ्या पावलांना तिचं कपाळ लागत होतं. त्यावरचे वण लागत होते.

मी खाली बसले, तिचे खांदे धरले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. माता नाही. डॉक्टर. सुया. मी स्वतः जाऊन टोचून घेतलं. साबणाच्या डब्यातली बाटलीसुद्धा आणून दाखवली, आणि तो कागदही. तिला वाचता येत नाही, तरी तिनं कागद हातात धरून लाल रेघांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे माताच नाही?"

"नाही."

"अन् मी त्या मातामायले रोज उगाच उठवून राहिली?"

 ती उठली. दारावरच्या डगाल्या ओढून काढल्या. कूलरचं बटण दाबलं, इतक्या जोरात की ते तुटेल असं वाटलं. मग स्वयंपाकघरात गेली, आणि तीन दिवसांनी आमच्या घरात फोडणी तडतडली. मोहरी, लसूण, आणि लाल मिरच्या इतक्या, की घरमालकीण खालून ठसकली. सासू चिडली होती. बरं झालं चिडली. मला त्या ठसक्यातसुद्धा मोकळा श्वास आला.

तिनं तिथूनच विचारलं, पाठ माझ्याकडे. "माह्यापासून काहून लपवलं?"

मी तिला तिचंच बारा वर्षांपूर्वीचं वाक्य सांगितलं. काकूचंही सांगितलं. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी तुमचं तोंड माझ्यासाठी पुढं केलं होतं. मी आता माझं बदलायला निघाले, हे तुम्हाला कसं सांगू?

ती वळली. हातात झारा. "अवं येडे, ते मी तिचं थोबाड बंद कराले म्हटलं होतं. तू जलमभर खड्डे घेऊन बस, असं कवा म्हटलं?"

वरण-भात वाढून झाल्यावर ती बसताना कळवळली, आणि मी पहिल्यांदा तिचे पाय ओढून बाहेर काढले. दोन्ही तळव्यांना फोड. मी गार पाण्यानं ते धुतले, फोडांना धक्का न लावता कोरडे केले, आणि ते मांडीवर घेऊन बसून राहिले. तिनं ओढून घेतले नाहीत. फक्त म्हणाली, "उद्याही जातो म्हटलं मी. बोललेलं हाय. पण चप्पल घालून जाईन, मातामायले काय, पाणी भेटल्याशी मतलब."

 ती माझ्या गालाकडे बघत होती.

"दुखलं का वं?"

"नाही. आधी बधिर करतात."

"बरं हाय." तिनं आपल्या कपाळावरच्या वणांवरून बोट फिरवलं. "मले लय दुखलं होतं."

बारा वर्षांत तिनं याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. 

"सहा वर्सांची होती मी. खाजवू नये म्हणून बापानं दोन्ही हात बाजेले बांधून टाकले. कितीक दिवस, ते याद नाही. ओरडून ओरडून माहा गळा बसला, पण कोणी सोडले नाही." मग हसली. "तरी पडलेच नं खड्डे."

नेमकी तेव्हाच माझ्या डाव्या गालाला खाज आली, जीवघेणी. हात आपोआप वर गेला. तिनं मनगट पकडलं. "नोको." दुसरा हातही घेतला, आणि दोन्ही आपल्या मांडीवर, आपल्या हातांत धरून बसली. खाज येत राहिली, मी दात आवळत राहिले, ती डगालीऐवजी तोंडानंच माझ्या गालावर फुंकर घालत राहिली. माझे हात तिनं अगदी सैल धरले होते, केव्हाही सोडवून घेता आले असते. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हाही ते तिच्या मांडीवरच होते.