मंडईच्या परवान्यावरचा जुना शिक्का

आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या दिवाळीची ही गोष्ट. मी गोंदियाच्या तहसील कचेरीत कारकून होतो. दवनीवाड्याचा एक शेतकरी परवान्यासाठी खेटे घालत होता. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, त्याचे थकलेले वडील दंडारीच्या लोकनाट्यात बाईच्या वेशात शेवटचे नाचणार होते आणि नागपूरचा मित्र ते कॅमेऱ्यात टिपणार होता. मैदान सरकारी, म्हणून कॅमेरा चालवायला परवाना हवा.

साहेबांनी अर्जावर त्याच दिवशी सही केली. मी मात्र सवयीने जुन्या राज्याचा शिक्का मारला. चूक दिसताच घाबरलो आणि कागद खणात लपवला.

मंडईच्या सकाळी तो आला. "बाबूजी, झालं का जी? बुढा पहाटपासून लुगडं नेसून बसून राहिला."

"साहेबांनी नाही म्हटलं," मी म्हणालो.

त्याने साहेबांना शिवी हासडली. मग मलाच म्हणाला, "तुम्ही काऊन तोंड पाडता? तुम्ही तर लय केलं. चला, नाच तरी पाहा."

मी गेलो. मित्राचा कॅमेरा पिशवीतच राहिला. पुढच्या मंडईआधी म्हातारा वारला. लेक भेटला की साहेबांना बोल लावायचा.

साहेबांचा दोष नव्हता, माझा होता. त्या शेतकऱ्याच्या मुलांसाठी एवढंच लिहितो. तुमचा आजा ढोलकी थांबल्यावरही दोन पावलं नाचला, मग पदर दातात धरून असा लाजला की हसता हसता बायांनी डोळे पुसले.